भरताला गेलेल्या बाया

मी नुकतीच यावलला जाऊन आले. एकटी, माझ्या स्कूटरवर, धुळ्याहून पारोळा, धरणगाव, जळगाव करत. आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "यावलला? कोणाकडे? काय काम निघालं?" मनालीला जाऊन आलेल्या माणसाला हे कोणी विचारत नाही. त्याचे फोटो बघतात आणि बर्फ किती होता ते विचारतात. यावलला जायला मात्र कारण लागतं. लग्न, मयत, जमिनीचं काम, निदान बदली तरी.

त्यात मी सव्वीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि लिहिते. सकाळी मी क्लासमध्ये नववी-दहावीला मराठी शिकवते, ते आमच्या गल्लीला कळतं. दुपारी घरी लिहिते, ते रिकामं बसणं समजलं जातं. मागे एकदा पुण्याच्या लेखन शिबिराला गेले होते. तिथे प्रवासवर्णनावर बोलायला आलेल्या गृहस्थांनी मला गाव विचारलं आणि म्हणाले, "खानदेश म्हणजे ऊन आणि केळी. लिहायचं असेल तर जरा बाहेर पडा." बाकीचे हसले. मी हसले नाही. तिथेच ठरवलं, बाहेर पडेन ती उन्हातून केळीकडेच जाईन.

निमित्त वैशालीनं दिलं. वैशाली माझी कॉलेजातली मैत्रीण. मला गाडी चालवायला तिनंच शिकवलं. पांझरा नदीच्या काठच्या रस्त्यावर ती मागे बसून ओरडायची, "ब्रेक सोड, घाबरट," आणि मी ब्रेक सोडायचे. लग्न होऊन ती यावलजवळच्या एका गावात गेली, केळीच्या बागायतदारांकडे. डिसेंबरात तिचा फोन आला. "भरताच्या दिवसांत ये एकदा. रविवारी मळ्यात भरीत आहे आमच्याकडे."

मळ्यातलं भरीत मी ऐकून होते. हिरवी-पांढरी, हातभर लांब वांगी, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजलेली. मी लगेच हो म्हटलं.

घरी सांगितलं तर आधी वरच्या मजल्यावरून नाना खाली आले. नाना म्हणजे माझे मोठे काका.

"एस.टी. आहे, रेल्वे आहे," ते म्हणाले. "गाडीवर कशाला?"

"मधे थांबायचंय मला."

"कुठे?"

"वाटेल तिथे."

"मुलीनं असं वाटेल तिथे थांबायचं नसतं. लोक आम्हाला विचारतील."

"विचारलं तर माझा नंबर द्या, नाना. मी सांगते त्यांना."

पप्पांनी पेपर आणखी वर धरला. आईनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला आणि म्हणाली, "हेल्मेट काढू नको." आमच्या घरात परवानगी अशीच मिळते.

पारोळा

पारोळ्याचा किल्ला डोंगरावर नाही, गावाच्या आत आहे. बाजार समितीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागून तुम्ही जाता, एका फरसाणाच्या दुकानापाशी वळता, आणि समोर एकदम बुरूज उभा राहतो. खंदकात पाणी कमी, प्लास्टिक जास्त. दारापाशी पानटपरीवर तिघे-चौघे बसले होते. त्यातल्या एकानं, न विचारता, मला सांगितलं, "मॅडम, आत काही नाही. एकट्यानं जाऊ नका."

"काही नाही तर भ्यायचं कशाला?" मी म्हटलं आणि आत गेले.

आत बरंच काही होतं. तटावर चढणाऱ्या पायऱ्या, पिंपळानं दुभंगलेली भिंत, मागच्या बाजूला तळ्याचं पाणी आणि त्यावर बगळे. तटाच्या सावलीत एक म्हातारी बकऱ्या चारत बसली होती. मी तिच्याजवळ बसून भाकरीचं फडकं सोडलं. तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"कथाईन उनी व बेटा?" कुठून आलीस, असं ती विचारत होती. आमच्या घरातही आजी-आजोबांच्या पिढीपर्यंत हीच बोली होती.

"धुयाथीन."

"संगे कोन शे?"

"कोनी नही. एकलीच शे."

"काय काम काढं?"

"काम नही, आजी. किल्ला देखाले उनी."

तिनं तटाकडे पाहिलं, जणू मी सांगितलं म्हणून तिला तो पुन्हा तपासून बघायचा होता. "आठे काय देखानं? बठ्ठा दगडच शेतस."

"तुम्ही बी ते रोज येतस."

"मना संगे बकऱ्या शेतस," ती म्हणाली. "म्हनीसन माले कोनी इचारत नही. तुले ते बकऱ्या बी नहीत."

मला हसू आलं. तीही हसली. माझ्या अर्ध्या भाकरीच्या बदल्यात तिनं पदराच्या गाठीतून मूठभर हरभरे दिले आणि मग तिनंच मला उठवून तटाच्या त्या टोकाला नेलं जिथून सगळं गाव दिसतं. तिथे उभी राहून ती बोट दाखवत होती: तो बाजार, ती मशीद, ते मनं घर. दगडांशिवाय काही नाही म्हणणारी बाई मला तासभर किल्ला दाखवत होती. बाहेर आले तेव्हा टपरीवरच्या माणसानं विचारलं, "काय होतं आत?" मी सांगितलं, "तुम्ही जाऊन बघा."

धरणगाव

एरंडोलवरून सरळ जळगावला जाता येतं. मी धरणगावाकडे वळले, कारण वळावंसं वाटलं. कापसाचा मुलूख आहे हा. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकलेले. सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या आवारात कापसाचे डोंगर लागले होते. बघत थांबले तर फाटकावरच्या माणसानं विचारलं, "मार्केट रेट विचारायला आल्या का?" बघायला आले, असं सांगितल्यावर तो गोंधळला, पण त्यानं हटकलं नाही. मी तिथून निघाले तेव्हा माझ्या केसांत, भुवयांत, ओढणीवर सगळीकडे तंतू होते.

बाभळींनी त्यांचं काम केलंच. गावाबाहेर मागचं चाक बसलं. गाडी ढकलत पंक्चरच्या दुकानापर्यंत नेली. दुकानदारानं आधी माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं.

"गाडीचे मालक मागून येताहेत का?"

"मालक समोर उभे आहेत."

त्यानं टायर काढलं, काटा काढला, आणि काम करता करता तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं की मी नेमकी कोणाची कोण. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "दादा, तुम्ही पुरुष गिऱ्हाइकाला त्याच्या बापाचं नाव विचारता का?" त्यानं हात पुसले. मग म्हणाला, "नाही विचारत." आणि पंप मारू लागला. एवढ्यावर मी त्याला सोडून दिलं.

जळगाव

जळगावात माझी आत्या राहते. तिच्याकडे उतरले असते तर हा भाग लिहायला नको होता. पण मला एकदा तरी कोणाचीही पाहुणी न होता एखाद्या गावात झोपायचं होतं. म्हणून बाजारपेठेतल्या एका लॉजवर गेले. काउंटरवरच्या मॅनेजरनं माझं ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

"एकट्या लेडीजला आम्ही रूम देत नाही, मॅडम."

"का?"

"रूल आहे."

"कुठे लिहिलाय?"

"लिहिलेला नाही."

"मग मी बसते इथे," मी म्हटलं. "लिहून झाला की दाखवा."

समोरच्या रेक्झिनच्या सोफ्यावर मी खरोखरच बसले. हेल्मेट शेजारी ठेवलं, उरलेली भाकरी काढली आणि खायला लागले. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. मॅनेजर आधी मुद्दाम कामात राहिला, मग त्यानं कोणाला तरी फोन लावला. खोटं कशाला सांगू, मी दर मिनिटाला फोन उघडून बघत होते. बाहेर अंधारून आलं होतं, आणि आत्याचा नंबर फोनवर पहिलाच होता. मी तो लावला नाही.

थोड्या वेळानं मालक आले. शेजारीच त्यांचं कापडाचं दुकान होतं. मूळ राजस्थानचं जैन कुटुंब, पण पिढ्यान् पिढ्या जळगावात. पांढरा सदरा, कपाळावर केशराचा टिळा. ते माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसले.

"बेटा, उद्या काही झालं तर लोक मला धरणार."

"काय होईल, शेठजी?"

त्यांनी तोंड उघडलं, पण नेमकं काय ते त्यांना सांगता येईना. "जमाना बरोबर नाही," ते शेवटी म्हणाले. "असं कर, घर मागेच आहे. सून आहे, नाती आहेत. आमच्या घरी राहा. एक पैसा नको."

माणूस मनापासून बोलत होता. म्हणूनच नाही म्हणणं अवघड होतं.

"घरी आले तर तुमची पाहुणी होईन," मी म्हटलं. "मला गिऱ्हाईक व्हायचंय. तुमच्या मॅनेजरनं आत्ता दोन माणसांना खोल्या दिल्या. त्यांना तुम्ही घरी नेलं नाही."

शेठजींनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनं भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे पाहिलं. मग शेठजी एकदम हसले, गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि म्हणाले, "दे रे हिला पहिल्या मजल्यावरची. खिडकीची."

रात्रीच्या जेवणाला त्यांच्या सुनेनं खिचडी-कढीचं ताट आणून दिलं. त्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, तरी माझ्यासाठी पुन्हा चूल पेटली होती. तेवढं मात्र मी पाहुणी म्हणून खाल्लं. खिडकी बाजाराकडे होती. खाली दुकानांची शटरं पडत होती. मी आईला फोन करून सांगितलं की लॉजवर आहे, आणि ती बोलायच्या आत म्हटलं, "हेल्मेट काढलं नव्हतं."

तापीपलीकडे

तापीचा पूल ओलांडला की हवा बदलते. अलीकडे कापसाच्या करड्या काड्या आणि उघडी काळी माती, पलीकडे केळी. आपल्या धुळ्याकडे हिरवं म्हणजे रानाच्या कडेला लावलेली चार झाडं. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या भिंतीच, आणि त्यांच्या आत थंडगार ओलसर अंधार. उत्तरेला सातपुडा निळा पडलेला. यावलच्या स्टँडवर मजुरांना घेऊन आलेल्या गाड्या उभ्या होत्या, आणि वैशालीच्या गावाकडे वळणाऱ्या रस्त्यावर बायांची एक रांग डोक्यावर केळीचे घड घेऊन बागेतून ट्रककडे चालली होती. अजून कच्चीच केळी, दिल्ली-पंजाबकडे निघालेली.

वैशाली ओसरीवर उभी होती. डोक्यावर पदर, हातात दीड वर्षाची मुलगी. मी मिठी मारली तेव्हा तिनं आधी दाराकडे पाहिलं. घरात तिचे सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, सासू, म्हणजे अक्का, एक जाऊ, आणि नवरा हेमंत, जो चांगला आहे. मुद्दाम लिहिते, कारण पुढे वाचून कोणाचा गैरसमज होईल. हेमंतनं माझी गाडी सावलीत लावली आणि सीटवर ओलं फडकं टाकलं, तापू नये म्हणून.

तिकडची बोली आमच्यासारखी नाही. आम्ही 'शे' म्हणतो, ते ऐकलं की तिकडची माणसं हसतात. ते 'इथे'ला 'अठी' म्हणतात, ते ऐकून मी हसले; 'मळ्या'चा 'मया' मात्र दोन्हीकडे सारखाच. अक्का मात्र कशालाच हसत नव्हत्या. उंच, सडपातळ, कायम काहीतरी निवडत, दळत, मळत असलेली बाई. "एकटीच आली का वं?" एवढंच विचारलं आणि उत्तर ऐकून परत परातीकडे वळल्या.

रविवारी सकाळपासून स्वयंपाकघरात झुंबड. जाऊबाई, शेजारणी, वैशाली आणि मी. लसूण सोलला, मिरच्या निवडल्या, कांद्याची पात चिरली, शेंगदाणे भाजले, कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ मळलं. वांगी आदल्या दिवशीच मळ्यात गेली होती. पुऱ्या तळून डब्यांत भरल्या, डबे हेमंतनं गाडीला लावले. मी हात धुऊन ओढणी बांधली आणि विचारलं, "आपण कसं जायचं?"

सगळ्या वैशालीकडे बघू लागल्या.

"आपण नाही जात," वैशाली हळूच म्हणाली. "माणसं जातात. भरीत झालं की आपल्याला डबा येतो."

ओसरीवरून आबांनी ऐकलं होतं. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "मळ्यात मोकळं असतं, पोरी. माणसं माणसांत बोलतात. तू आरामात घरी जेव. गरम डबा पाठवतो."

"डब्यातलं भरीत मला धुळ्यातही मिळतं, आबा," मी म्हटलं. "मी भाजताना बघायला आलेय. चार गावं ओलांडून."

"आमच्यात पद्धत नाही."

"पीठ मळायची पद्धत आहे ना? मग खायची पण पाडू."

आबांच्या कपाळाला आठी पडली. ते रागानं बोलले नाहीत. उपरणं खांद्यावर टाकून उठले आणि पायीच मळ्याकडे निघाले. मी गाडीची किल्ली घेतली, तशी वैशालीनं मला हात धरून मागच्या खोलीत ओढलं.

"तू मोठमोठ्यानं बोलून मोकळी होशील," ती दाताखाली शब्द दाबत म्हणाली. "उद्या तू जाशील. मला इथे राहायचंय. तुझ्या प्रत्येक वाक्याचं मला नंतर ऐकून घ्यावं लागेल, कळतंय का तुला?"

कळत होतं. दोन दिवस टपरीवाल्याला, पंक्चरवाल्याला, शेठजींना तोडून बोलताना माझं काही जात नव्हतं. प्रत्येक ठिकाणाहून मी गाडीला किक मारून पुढे गेले होते. वैशालीला पुढे जायला जागा नव्हती. मी किल्ली खाटेवर ठेवली.

"राहू दे," मी म्हटलं. "डबाच खाऊ. तू म्हणशील तसं."

ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर मळ्याच्या दिशेला धूर वर चढायला लागला होता. तिची मुलगी खाटेवर झोपली होती. वैशाली बराच वेळ तो धूर बघत राहिली. मग तिनं मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, जावेला हाक मारून सांगितलं, "ही उठली तर दूध द्या," आणि खाटेवरची किल्ली उचलली.

"तू मागे बस," ती म्हणाली. "गाडी मी चालवते."

लग्न झाल्यापासून तिनं गाडीला हात लावला नव्हता. आम्ही ओसरीवरून उतरलो तेव्हा अक्का परातीपाशी बसल्या होत्या. त्यांनी फक्त वर पाहिलं. वैशालीनं पदर कमरेला खोचला. पहिल्या वळणावर गाडी डुलली, पाटाच्या कडेला आम्ही दोघी जवळजवळ पडलोच. "ब्रेक सोड," मी मागून म्हटलं. तिनं शिवी दिली आणि सोडला.

मळ्यात विहिरीजवळ चिंचेखाली दहा-बारा माणसं होती. काड्यांचा जाळ ढणढण पेटलेला, त्यात वांगी काळी पडून फुटत होती आणि त्यांचा रस जाळात पडून चरचरत होता. वास मी आयुष्यात विसरणार नाही. आम्ही उतरलो तसे सगळे बघायला लागले. एकानं बिडी पाठीमागे लपवली. हेमंत हातात काठी घेऊन तसाच उभा राहिला.

त्याचा एक मित्र हसण्यावारी नेत म्हणाला, "वहिनी, आता आम्ही शिव्या कशा द्यायच्या?"

"द्या ना," वैशाली म्हणाली. "यांच्या तोंडून ऐकल्यात सगळ्या."

कोणीतरी फिस्सकन हसलं. हेमंतचे कान लाल झाले. तो बागेत शिरला आणि केळीची आणखी दोन पानं कापून आणली. ती त्यानं रांगेच्या टोकाला नाही, मधेच मांडली. आबा आमच्याकडे पाठ करून बाजेवर बसले होते.

"सूनबाई," ते न वळता म्हणाले, "घरी चला."

वैशालीचा हात माझ्या मनगटावर होता. तो तिनं काढून घेतला.

"जेवून येते, आबा," ती म्हणाली.

आबा उठले. क्षणभर वाटलं, ते जाळावरचं सगळं पायानं उधळतील. त्यांनी तसं काही केलं नाही. उपरणं झटकलं आणि बांधावरून सरळ गावाकडे चालू लागले. हेमंत दोन पावलं त्यांच्या मागे गेला, मग थांबला आणि परत जाळाशी येऊन वांगी फिरवू लागला.

भरीत कसं झालं ते सांगते, कारण मी त्यासाठीच गेले होते. भाजलेल्या वांग्यांचं साल काढून ती लाकडाच्या खोलगट भांड्यात मिरची-लसणासोबत कुटतात. वैशालीनं मुसळ मागून घेतलं आणि कुटायला बसली. मग तेलाच्या फोडणीत कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे, वरून कोथिंबीर. आपल्या धुळ्यात भरतात लाल तिखट घालतात, वांगं कुठलंही चालतं, आणि गॅसवर भाजलं तरी कोणी तक्रार करत नाही. त्या भरताला मी यापुढे भरीत म्हणणार नाही. केळीच्या पानावर, चिंचेखाली, धुरानं चुरचुरणाऱ्या डोळ्यांनी ते खायला हवं. वैशाली भरपूर जेवली. शेजारच्या माणसानं तिला आग्रह केला तेव्हा तिनं नाही म्हटलं नाही. जेवणाच्या शेवटी शिव्याही सुरू झाल्या, आधी चाचरत, मग नेहमीसारख्या.

त्या संध्याकाळी जेवताना आबा कोणाशी बोलले नाहीत. ताटावर बसले, जेवले, उठले. नंतर हेमंतनं त्यांच्याशी बोलायचा प्रयत्न केला, ओसरीवर बराच वेळ दोघांचा दबका आवाज येत होता. वैशालीनं मला सांगितलं, "तू काही बोलू नको आता. माझं मी बघते." मी बोलले नाही. मला तिची काळजी वाटत होती, आणि तरी वाईट वाटत नव्हतं.

सोमवारी सकाळी निघायची तयारी केली. पिशवी गाडीला अडकवत होते, तेव्हा अक्का मागून आल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. मी मनात उत्तरं जुळवत वळले.

"मले नाही नेलं वं तुम्ही," अक्का म्हणाल्या.

माझी सगळी उत्तरं वाया गेली. वैशाली दारात होती, तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"इतकी वरसं पुऱ्या करून राह्यली मी," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता, घड किती पिकला ते सांगावं तसा होता. "कुठी बसून खातेत, ते नाही पाह्यलं. मया आमचाच. तोडणीले जाते मी, निंदणीले जाते. पण त्या दिवशी नाही."

"चला मग," वैशाली म्हणाली.

स्कूटर एक आणि आम्ही तिघी. पण अंतर थोडं होतं, गावातले लोक अजून शेताकडे निघायचे होते. आम्ही तिघी दाटीवाटीनं बसलो. मधे अक्का, दोन्ही पाय एका बाजूला, एक हात वैशालीच्या खांद्यावर. पाराशी बसलेल्या दोघांनी माना वळवून पाहिलं. अक्कांनी पदर पुढे ओढला नाही.

चिंचेखाली काल पेटलेल्या जाळाची राख होती, दवानं ओली झालेली. काळ्या सालींचे तुकडे, वाळत चाललेली पानं, एका दगडाशी बिड्यांची थोटकं. अक्का त्या सगळ्याभोवती एक फेरी मारून आल्या. मग बाजेवर बसल्या. आबा बसले होते तिथेच, पण तोंड विहिरीकडे करून.

"अठी बसतेत का?" त्यांनी विचारलं.

"हो," वैशाली म्हणाली.

अक्का बसून राहिल्या. बागेतून गार हवा येत होती. कुठल्याशा झाडावर पोपट भांडत होते. त्यांनी चपला काढून पाय वर घेतले, चिंचेकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं.

"सावली चांगली हाये," त्या म्हणाल्या.

बांधावरून दोन मजूर बाया कोयते घेऊन गेल्या, त्यांनी अक्कांना हाक मारून विचारलं, काय काम काढलं सकाळी सकाळी. "काही नाही. बसली," अक्का म्हणाल्या.

उन्हं चढली तसं त्या उठल्या. गाडीजवळ गेल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून, आजवर मला दिलेली एकमेव आज्ञा दिली.

"तू पायी ये वं. तिघीत लई चेंगरते."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली तिच्या हातात दिली. अक्का मागे बसल्या, या वेळी दोन्ही बाजूंना पाय टाकून, लुगडं गुडघ्यापर्यंत सावरून. गाडी केळीच्या दोन भिंतींमधून निघाली. मी मागून चालत होते, रस्ता सरळ होता आणि त्या मला लांबपर्यंत दिसत होत्या. पाटाच्या पुलापाशी उजवीकडे वळलं की गाव. अक्कांचा हात वर झाला, त्यांनी वैशालीच्या खांद्यावरून समोर काहीतरी दाखवलं. गाडी गावाकडे वळली नाही. ती सरळ सातपुड्याच्या दिशेनं गेली, आणि थोड्या वेळानं तिचा आवाजही येईनासा झाला.

मी पुलाच्या कठड्यावर बसले आणि माझी गाडी परत यायची वाट बघत राहिले. बराच वेळ बसावं लागलं.